व्यसनमुक्ती सेंटरमधून सुधारून आलेला मुलगा परत ड्रग्ज घेऊन वारला, त्याने मुद्दाम केलं असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सेंटरमधून चांगला होऊन आला आणि दोन महिन्यांत एका रात्रीत गेला, मग त्याने मुद्दाम केलं का, की आम्हीच लवकर घरी आणला. मी डिचोलीचा. माझा मुलगा पण असाच गेला, ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनच, वय 29.

माझ्या डोक्यात पण हेच फिरायचं. शेवटी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, एका डॉक्टरनी नीट समजावलं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला तेवढ्या डोसची सवय झालेली असते, बंद केलं की ती सवय लवकर उतरते, तलफ मात्र उतरत नाही. मग पोरगं एकदाच म्हणून घेतं आणि तेही जुन्या मापाने, त्याला तेच माप माहीत ना, आणि झोपेत श्वास हळू होत होत थांबतो. म्हणजे तो बंद करून होता म्हणूनच झेपलं नाही. मुद्दाम केलं की नाही हे खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही, पण नुसता गेला एवढ्यावरून तसं धरून बसू नका. आणि आणखी चार महिने ठेवला असता तरी हा धोका होताच.

तेराव्याला एकजण मला म्हणाला, सुटलात एकदाचे. असा राग आला! पण खरं सांगू, रात्री फोन वाजला की पोटात गोळा यायचा तो आता येत नाही, झोप लागते, आणि झोप लागते म्हणून लाज वाटते. बायको म्हणते आपण त्याचं सुतक तो जिवंत असतानाच पाळत होतो. तुम्हालाही असं हलकं वाटत असेल तर घाबरू नका, त्याने प्रेम कमी होत नाही.

गावात त्याचं नाव निघालं की फक्त चरशी. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला तोच चढायचा, घुमट हे मातीचं वाद्य असा वाजवायचा की आरती लांबायची, ते कोण बोलत नाही. आम्ही घरात बोलतो. आईची पाटली विकली ते पण बोलतो.

झोप-जेवण अगदीच सुटलं तर 14416 ला फोन करा, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. मी तर बांबोळीला स्वतःच्या नावाने केसपेपर काढला.

आणि त्याचे दोस्त आले तर हाकलू नका. जुन्या मापाची ही गोष्ट त्यांना सांगा, सेंटरमधून सुटणाऱ्या कितीतरी पोरांना ती कोणी सांगतच नाही.