ठिपके दिसतात, पट्टी का दिसत नाही?

प्रश्न : मी वडोदऱ्यात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एटोपोसाइड (डीएनएत तुटी घडवणारे औषध) दिलेल्या पेशींच्या केंद्रकांत गॅमा-एच२एएक्स या डीएनए-तुटीची खूण असलेल्या प्रथिनाचे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, परंतु त्याच प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूने) केलेल्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवलेल्या प्रथिनांच्या चाचणीत, पट्टी येत नाही. तुलनेसाठी घेतलेल्या ॲक्टिन या पेशीतील नेहमीच्या प्रथिनाची पट्टी मात्र ठळक असते. पेशी मी रिपा बफर या डिटर्जंटयुक्त द्रावणाने फोडते. प्रतिपिंड खराब झाले असेल काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : प्रतिपिंडावर संशय घेण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी बसलेल्या गाळाचे तुम्ही काय करता, ते आठवून पाहा. बहुधा तो टाकून देत असाल, आणि तुमचे प्रथिनही त्याच्याबरोबरच जात असावे.

एच२एएक्स हा एच२ए या हिस्टोनचा (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रथिनाचा) एक प्रकार आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम, एटीआर किंवा डीएनए-पीके यांपैकी एखादे कायनेझ विकर त्याच्या शेपटीतील १३९व्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडते. १९९८मध्ये वर्णन झालेले हेच गॅमा-एच२एएक्स. ही खूण तुटीच्या दोन्ही बाजूंना लाखो बेसजोड्यांपर्यंत पसरते, एमडीसी१ हे प्रथिन तिला येऊन चिकटते आणि दुरुस्तीची पुढची यंत्रणा तेथे जमते, म्हणूनच एकेका तुटीचा ठिपका डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो. परंतु हा हिस्टोन डीएनएला घट्ट बिलगलेला असतो. रिपा बफरने ॲक्टिन सहज सुटते, क्रोमॅटिन (डीएनए व हिस्टोन यांचा गुंता) मात्र बरेचसे गाळातच राहते. त्यामुळे ॲक्टिनची ठळक पट्टी येथे दिशाभूल करते. पेशी थेट एसडीएस या तीव्र डिटर्जंटच्या गरम बफरमध्ये फोडून ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करावेत, किंवा हिस्टोन सौम्य आम्लात वेगळे काढावेत.

प्रथिन जेमतेम १५ किलोडाल्टनचे असल्याने ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पडदा वापरावा, अन्यथा ते आरपार निघून जाण्याची शक्यता असते. फॉस्फेट टिकावे म्हणून बफरमध्ये सोडियम फ्लोराइड घालावे व नमुने बर्फात ठेवावेत (वडोदऱ्याच्या मे महिन्यात बर्फ जरा जास्तच मागवावा). दुधातील केसीन हे स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे, तेव्हा ब्लॉकिंगसाठी (पडद्याच्या रिकाम्या जागा आधी झाकण्यासाठी) दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) बरे.

तुलनेसाठी ॲक्टिनऐवजी एकूण एच२एएक्सची पट्टी घ्यावी. ती गाळात सापडली आणि वरच्या द्रवात नसली, तर प्रतिपिंडाची नवी बाटली मागवण्याचे कारण नाही.