घुमट आधी, माइक नंतर

प्रिय बाय,

तुझी दहाही गाणी ऐकली. स्टुडिओचे दिवस आत्ताच बुक करू का, असं तू विचारलंस. थोडं थांब. आधी वाजवणारे ठरव, मग त्यांच्या सवडीनं तारखा घे. गोव्यात हा क्रम उलटा झाला की काम अडतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घुमटवाल्यांना (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आपलं तालवाद्य) आरत्यांच्या तालमींतून डोकं वर काढायला फुरसत नसते, शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सणात, तीच गत. मेंडोलिन आणि व्हायोलिनवाले डिसेंबरात लग्नांमध्ये अडकलेले असतात. दोघंही मोकळे सापडतात ते साधारण जानेवारीच्या मध्यापासून शिगम्याची तयारी सुरू होईपर्यंत. तेव्हा हवा कोरडी असते, हा दुसरा फायदा, आणि तो लहान नाही.

कारण तुझ्या गाण्यांचा कणा घुमट आहे. ते तबल्यासारखं ठोकून षड्जाला मिळवता येत नाही. मातीच्या भांड्याचा आकार आणि कातड्याचा ताण यांतून जो सूर निघेल तोच त्याचा. म्हणून वादकाला तीन-चार वेगवेगळ्या आकारांची घुमटं आणायला सांग आणि प्रत्येक गाण्यासाठी त्याच्या 'सा'शी न भांडणारं निवड. एखाद्या गाण्याला एकही जुळत नसेल तर गाणं अर्धा सूर वर-खाली कर, तुझ्या गळ्याला ते झेपतं. हे घरी, तालमीत ठरायला हवं. स्टुडिओत घड्याळ तासावर पैसे मोजत असतं.

घोरपडीचं कातडं लावलेलं जुनं घुमट कोणी देऊ केलं तर घेऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य जाहीर झालं, पण आज वाजवायचं ते बकऱ्याच्या कातड्याचंच. कातडं दमट हवेत सैल पडतं आणि एसीत ताणतं. गाडीतून उतरवून लगेच वाजवायला घेतलं तर पहिल्या आणि तिसऱ्या टेकचा नाद वेगळा येतो आणि दोन्ही जोडता येत नाहीत. वाद्यं किमान दोन तास आधी खोलीत ठेव, एसी एकाच अंशावर असू दे.

माइक दोन लागतील. एक कातड्याच्या बाजूला, १५-२० सेंटीमीटरवर, साधा डायनॅमिक (जोरदार आवाज सोसणारा) माइक चालेल. दुसरा उघड्या तोंडाकडे, पण समोरासमोर नको, जरा तिरपा. वादक डाव्या हाताने ते तोंड झाकतो-उघडतो तेव्हा हवेचा झोत थेट माइकवर आदळतो आणि 'भप' असा आवाज येतो. दोन्ही माइक लागले की ध्वनिमुद्रकाला एका ट्रॅकचं फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटं करून, दोन्ही एकत्र मोनोत ऐकवायला सांग. सरळ आणि उलट्यापैकी ज्यात खर्ज भरीव लागेल ते ठेवायचं. हे राहून गेलं की मिक्सिंगमध्ये घुमट पोकळ वाटतं आणि मग कितीही ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करायचं बटण) फिरवला तरी ते भरत नाही.

कांसाळें, म्हणजे झांजा, मात्र त्याच वेळी वाजवू नका. त्याची किणकिण प्रत्येक माइकमध्ये शिरते. ते मागाहून, दीड मीटर लांबून, वेगळं घे. काठ्यांनी वाजणारा, नगाऱ्यासारखा शामेळही नंतर घेतलास तर सोपं जाईल.

तू, गिटार आणि घुमट मात्र एकत्र वाजवा, क्लिकशिवाय, म्हणजे कानात वाजणाऱ्या तालाच्या टिकटिकीशिवाय. आरतीतला वादक समोरच्याच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघून वाजवतो. कानात टिकटिक आली की त्याचा हात आखडतो. चटई घालून एकमेकांना दिसतील असे बसा, त्याला हेडफोन एकाच कानावर ठेवू दे. तुझ्या गाण्याच्या कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या) माइकची पाठ घुमटाकडे कर आणि मध्ये दोन मीटर अंतर ठेव. तरी तुझा आवाज घुमटाच्या माइकमध्ये थोडा जाणारच. म्हणजे चुकलेली ओळ नंतर पुन्हा गायलीस तरी जुनी ओळ मागे भुतासारखी ऐकू येईल. तेव्हा आधीच ठरव: एकतर तेच गाणं अंतिम, नाहीतर तू काचेपलीकडच्या खोलीत गा. मधला मार्ग नाही. मला विचारशील तर पहिलाच पर्याय घे, तुझा आवाज घुमटासमोर जास्त खुलतो.

मोठी खोली लागेल ती एवढ्याचसाठी. गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर अल्बम केला, पण बहुतेक वाद्यं ते स्वतःच वाजवत होते. तुझ्याकडे पाच माणसं आहेत.

हार्मोनियम आधी ट्यूनरवर तपास. ती ४४० हर्ट्झऐवजी ४४२ ला असेल तर फरक सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), एकटी ऐकताना कळत नाही, व्हायोलिन शेजारी आलं की खुपतो. ती बदलत नाही, म्हणून गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन सगळे तिला मिळवा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या सत्रात लागेल. गिटारच्या तारा दोन दिवस आधी बदल. आपल्या खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात, आणि आदल्या रात्री बदललेल्या सूर सोडत राहतात.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मीटरवरची शिखरं उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, घुमटाची थाप अचानक उसळते.

सातव्या गाण्यातल्या धालोच्या (बायकांच्या पारंपरिक नाचगाण्याच्या) ओळींसाठी बायकांना स्टुडिओत बोलावू नकोस. त्या दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून गातात, माइकसमोर एका रांगेत त्यांचा आवाज दबतो. त्यांच्याच वाड्यावर जा, दोन्ही ओळींसमोर एकेक माइक लाव. मात्र पौषातल्या मांडावरच्या (धालोच्या पवित्र अंगणातल्या) विधीचं मुद्रण नको, परवानगी घेऊन वेगळ्या दिवशी गाऊन घे. आणि त्या ओळींपुढे 'पारंपरिक' लिही, स्वतःचं नाव नाही.

मिक्स मोबाइलच्या स्पीकरवरही ऐक. तिथे घुमटाचा खर्ज नाहीसा होतो, कातड्यावरची थाप ऐकू येत नसेल तर ती वाढवून घे.

शेवटी कागद. प्रत्येक वादकाशी मानधन आणि श्रेय लेखी ठरव, वाजवण्याआधी. पहिल्या गाण्याची सुरुवातीची धून मेंडोलिनवाल्यानं रचली आहे, म्हणजे तो नुसता वादक नाही, त्या गाण्याचा सहसंगीतकार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखतो, त्यामुळे त्याचं नाव आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या) नोंदणीतही हवं. प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षरांचा वेगळा आयएसआरसी (मुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक लागतो. नावांचं स्पेलिंग ज्याचं त्याच्याकडून लिहून घे, वाड्याचं नावही विचार.

तालमीत दुसऱ्या गाण्याचा 'सा' कुठे बसला ते कळव.