लायसन्स हातात आहे, तरी लीजवरची सही थांबवा

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटीएच. लग्नानंतर डॅलसजवळ राहते, जावई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ती एच-फोर ईएडीवर, म्हणजे त्यांची पत्नी म्हणून मिळालेल्या कामाच्या परवानगीवर. टेक्सासचं लायसन्स मिळून चार वर्षं झाली. लहान मुलांना घरी जाऊन थेरपी देणाऱ्या एका एजन्सीत ती नोकरी करते. आता स्वतःचं क्लिनिक काढायचं म्हणते. जागा बघितली आहे, पाच वर्षांचं लीज आहे, महिनाअखेरीस सही करायची आहे. बरेचसे पेशंट मेडिकेडचे असतील, असं तिचं म्हणणं. हे मेडिकेड म्हणजे आपल्या महात्मा फुले योजनेसारखं काही आहे का? लायसन्स असताना आणखी कसली नोंदणी लागते? मी एफडी मोडून पैसे पाठवावेत का? आणि मी तिकडे जाऊन तिला काय मदत करू शकतो?
– एक वडील, कराड

सप्रेम नमस्कार.

महिनाअखेरीची सही पुढे ढकलायला सांगा. उत्तर उशिरा पोचायला नको म्हणून हे पहिल्या ओळीत लिहिलं. क्लिनिक काढू नये असं मी म्हणत नाही. लहान मुलांच्या थेरपीचा चार वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीनं ते काढावंच, असं माझं मत आहे. पण तुम्ही लिहिलाय तो क्रम उलटा आहे. आधी लीज, मग नोंदण्या असं झालं, तर दार उघडेल, मुलं येतील, ती जीव ओतून काम करेल आणि महिनोन् महिने खात्यात एक डॉलर जमा होणार नाही. भाडं मात्र पहिल्या तारखेला जाईल.

तिनं आतापर्यंत काय मिळवलंय ते आधी सांगते, कारण इथे बसून आपल्याला त्याचा अंदाज येत नाही. आपली साडेचार वर्षांची पदवी आणि तिथली तीन वर्षांची डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी यांचा ताळा घालायला एफसीसीपीटीसारख्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून एकेक विषय तपासून घ्यावा लागतो. मग एनपीटीई ही लायसन्ससाठीची राष्ट्रीय परीक्षा. गुण २०० ते ८०० मध्ये, पास व्हायला ६०० हवेत, आणि आयुष्यात एकूण सहाच संधी. प्रश्न बाहेर फुटल्याच्या प्रकरणांनंतर २०१० मध्ये भारतासह चार देशांच्या पदवीधरांना ही परीक्षा काही काळ बंदच केली होती. प्रामाणिकपणे अभ्यास करणारी किती मुलं तेव्हा अडकून पडली ते मी पाहिलंय. तुमच्या लेकीनं हे सगळं पार केलंय. त्याबद्दल तिचं मनापासून कौतुक.

पण लायसन्सनं तिला उपचार करायचा हक्क मिळाला. त्या उपचाराचे पैसे सरकारकडून मिळण्याचा हक्क त्यात येत नाही. तुम्ही महात्मा फुले योजनेचं नाव काढलंत ते बरं झालं. एखाद्या डॉक्टरकडे एमएस पदवी असते, हॉस्पिटल असतं, तरी ते रुग्णालय योजनेत ‘अंगीकृत’ नसेल तर योजनेचा रुग्ण तिथे मोफत उपचार घेऊ शकत नाही. मेडिकेड ही अमेरिकेतली कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, तिचंही तसंच. फरक एवढाच की इथे एक राज्य आणि एक योजना, तर मेडिकेडचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात आणि कारभार प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीनं करतं. १९६५ पासून हे असं चाललंय. कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. त्यामुळे तिची न्यू जर्सीतली मैत्रीण जो अनुभव सांगेल तो डॅलसला लागू पडेलच असं नाही.

ओबामांच्या काळात कमी उत्पन्नाच्या इतर प्रौढांनाही मेडिकेडमध्ये घेण्याची सोय झाली, तो विस्तार टेक्सासनं स्वीकारलेला नाही. म्हणून तिथे मेडिकेडवर प्रामुख्यानं लहान मुलं, गरोदर बायका, अपंग आणि गरीब वृद्ध असतात. प्रौढांसाठी फिजिओथेरपी ही केंद्राच्या नियमात राज्याच्या मर्जीवर सोडलेली बाब आहे, पण २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीय गरज असेल तर ती द्यावीच लागते. म्हणजे तुमच्या लेकीचा अनुभव नेमका तिथेच आहे जिथे टेक्सासचं मेडिकेड आहे. तिची निवड योग्य आहे असं मी म्हणते ते यामुळे.

आता नोंदण्यांचा क्रम. आधी व्यवसायाची कायदेशीर ओळख : टेक्सासमध्ये फिजिओथेरपिस्ट साधारणपणे पीएलएलसी, म्हणजे व्यावसायिकांची मर्यादित जबाबदारीची कंपनी काढतात, आणि त्या कंपनीला आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडून, ईआयएन हा कराचा क्रमांक मिळतो. मग एनपीआय, म्हणजे उपचार देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक. तिचा स्वतःचा दहा आकडी क्रमांक नोकरीमुळे असेलच, क्लिनिकसाठी दुसरा लागतो. हे दोन्ही फुकट मिळतात. ‘आम्ही काढून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या वेबसाइटना तिनं बळी पडू नये. त्यानंतर टेक्सासचा एक खास नियम : थेरपिस्टचं लायसन्स पुरत नाही, जागेचीही फिजिओथेरपी फॅसिलिटी म्हणून राज्याच्या फिजिओथेरपी बोर्डाकडे नोंदणी करावी लागते आणि तिथली जबाबदार थेरपिस्ट कोण हे कळवावं लागतं. हा टप्पा अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मग मेडिकेड. टेक्सासमध्ये त्याचा अर्ज पेम्स नावाच्या ऑनलाइन प्रणालीत भरतात. तो मंजूर झाला की काम संपलं असं वाटतं, पण खरी वाट तिथून सुरू होते. बहुतेक मुलांचं मेडिकेड आता थेट सरकारकडे नसून स्टार आणि स्टार किड्स या कार्यक्रमांतल्या खासगी विमा कंपन्यांकडे आहे. राज्याची मंजुरी मिळाल्यावर अशा प्रत्येक कंपनीशी वेगळा करार आणि वेगळी छाननी. आधी राज्य, मग कंपनी, हा क्रम केंद्राच्या कायद्यानं २०१८ पासून बंधनकारक आहे. छाननीसाठी कंपन्या सीएक्यूएच या ऑनलाइन नोंदवहीत थेरपिस्टनं भरलेली माहिती बघतात. तिथे दर १२० दिवसांनी ‘माहिती बरोबर आहे’ असं पुन्हा कळवावं लागतं. ती तारीख चुकली की फाइल न बोलता थांबते.

आणि एखादी कंपनी सरळ सांगू शकते की या भागात आमचं नेटवर्क भरलंय, नवे थेरपिस्ट घेत नाही. म्हणून लीजच्या आधी तिनं करायचं पहिलं काम म्हणजे फोन. त्या भागातल्या प्रत्येक कंपनीला विचारायचं : या झिपकोडमध्ये मुलांच्या फिजिओथेरपीसाठी तुम्ही नवे प्रोव्हायडर घेताय का? दोन मोठ्या कंपन्या ‘नाही’ म्हणाल्या, तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची.

तुमची लेक इथे म्हणेल, ‘पण पत्ता नसेल तर अर्जच भरता येत नाही.’ तिचं बरोबर आहे. खरा पेच हाच आहे. जागेची नोंदणी हवी तर जागा हवी. शिवाय केंद्राच्या नियमात फिजिओथेरपिस्ट गैरव्यवहाराच्या ‘मध्यम जोखीम’ गटात येतात, म्हणून नोंदणीसाठी तपासणीस प्रत्यक्ष जागेवर येतो, न सांगता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झालेलं सांगते. तिच्या अर्जात ‘सूट १०४’ लिहिलं होतं. घरमालकानं मधल्या काळात गाळ्याचे दोन भाग केले आणि दारावर ‘१०४-बी’ची पाटी लावली. तिच्या क्लिनिकच्या नावाची पाटी अजून छापून यायची होती, काचेवर कागद चिकटवलेला होता. तपासणीस आला, १०४ चं दार बंद, आत कुणी नाही. अर्ज परत. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर भाडं चालू. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं.

म्हणून जागा घ्यायचीच, पण पाच वर्षांच्या लीजनं सुरुवात करायची नाही. मुलांच्या स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपीच्या एखाद्या चालू केंद्रात स्वतंत्र दाराची एक खोली सबलीजवर बघावी, लेखी करारासह. ती चालेल का, हे बोर्डाला आणि विमा कंपन्यांना लेखी विचारून मगच सही. किंवा हीच जागा हवी असेल तर घरमालकाशी बोलावं : भाडं सुरू होण्याची तारीख पुढे न्या, मेडिकेडची मंजुरी ठरावीक मुदतीत आली नाही तर करारातून बाहेर पडायचं कलम घाला. रिकामे गाळे असतील तर मालक ऐकतात. नोकरी मात्र या काळात सोडू नये. आठवड्यातले काही दिवस पीआरएनवर, म्हणजे लागेल तसं काम घेता येईल. सध्याच्या एजन्सीच्या करारात पेशंट बरोबर नेण्याबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचावं.

आता नावाबद्दल, कारण आपल्या मुली इथेच सर्वांत जास्त ठेचकाळतात. पदवी माहेरच्या नावाची, मधे तुमचं नाव. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि आडनाव सासरचं. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव गायब. लायसन्सवर दोन्ही आडनावं हायफननं जोडलेली. आपल्याला ही सगळी एकाच मुलीची नावं दिसतात, संगणकाला चार बायका दिसतात. तिनं एका संध्याकाळी सगळे कागद टेबलावर मांडावेत आणि नावाचं एकेक अक्षर ताडून बघावं. क्लिनिकच्या नावाचंही तसंच. आयआरएसच्या पत्रात ‘अँड’ शब्दात लिहिलाय आणि अर्जात चिन्ह टाकलंय, एवढ्यावरूनही फाइल परत येऊ शकते.

पैशाचं गणित करताना तिनं सगळा भार मेडिकेडवर टाकू नये. टेक्सास विधिमंडळानं २०१५ मध्ये थेरपीच्या दरांत कपात ठरवली, पालक आणि संस्था कोर्टात गेल्या, तरी डिसेंबर २०१६ मध्ये ती लागू झालीच. पुढे काही भाग परत मिळाला, पण दर सरकारच्या हातात असतो हे त्या वेळी सगळ्यांना कळलं. मेडिकेडनं दिले तेवढेच पैसे, वरचा फरक पालकांकडून मागता येत नाही. उपचारांना आगाऊ मंजुरी लागते, आणि बिल उपचाराच्या दिवसापासून ९५ दिवसांत गेलं पाहिजे. खासगी विम्याचे आणि रोख पैसे देणारे पेशंटही हवेत. टेक्सासमध्ये २०१९ पासून ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या थेरपिस्टला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही सुरुवातीचे काही दिवस उपचार करता येतात, त्याचा उपयोग तिथे होईल. मेडिकेडच्या मुलासाठी मात्र डॉक्टरचा लेखी आदेश हवाच.

आणखी एक, स्पष्टच लिहिते. आपल्याकडे कट प्रॅक्टिस इतकी अंगवळणी पडलीय की पेशंट पाठवणाऱ्याला काहीतरी द्यायचं यात काही वावगं वाटत नाही. तिथे मेडिकेडच्या पेशंटसाठी दिलेली साधी भेटही केंद्रीय गुन्हा ठरू शकते, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैदेची आहे. दिवाळीला डॉक्टरांकडे महागडी पाकिटं पाठवण्याचा सल्ला तिला कुणी आपला माणूस देईल. तो तिनं ऐकू नये.

सगळ्यात जास्त काळजी मला तिच्या ईएडीची वाटते. एच-फोर ईएडीवर स्वतःचा व्यवसाय करता येतो, ते ठीक आहे. पण पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की जुन्या परवानगीला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सोय राहिली नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून तिला काम थांबवावं लागेल. नोकरीत ती बिनपगारी सुट्टी असते. स्वतःच्या क्लिनिकमध्ये मात्र भाडं चालू, मुलांची थेरपी मध्येच तुटलेली, आणि लीजवर बहुधा तिची व्यक्तिगत हमी. त्यात जावयांची नोकरी गेली तर तिची परवानगीही धोक्यात. त्यामुळे तीन गोष्टी : कार्ड संपायच्या १८० दिवस आधी अर्ज भरता येतो, तो पहिल्याच आठवड्यात भरावा. ती थांबली तरी काम चालू ठेवणारी, लायसन्स असलेली दुसरी थेरपिस्ट सुरुवातीपासून अर्धवेळ जोडून ठेवावी आणि मेडिकेडमध्ये तिचीही नोंदणी करून घ्यावी. आणि व्यक्तिगत हमीला मर्यादा घालून घ्यावी, हे लीज वाचणाऱ्या वकिलाकडून. या एका फीत काटकसर नको.

तुमच्या एफडीबद्दल. आत्ता मोडू नका. कंपन्यांची उत्तरं आणि राज्याची मंजुरी हातात येईपर्यंत तिला लागणारा खर्च त्या दोघांच्या पगारातून निघण्यासारखा आहे. पुढे पाठवायचे झाले तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पण अशा कारणासाठी एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोपर्यंत तुमचा पैसा अडकतो. म्हणून एकदम नको. आणि जी रक्कम बुडाली तर तुमच्या दोघांच्या औषधपाण्याला धक्का लागेल, ती पाठवूच नका, लेक नाराज झाली तरी वाईट वाटून घेऊन पाठवू नका.

राहिलं तुम्ही तिकडे जायचं. जा, जरूर जा. पण व्हिजिटर व्हिसावर असताना तिच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसू नका, फोन घेऊ नका, पगार न घेतासुद्धा. प्रेमानं केलेली ती मदत काम ठरवली जाऊ शकते. निघण्याआधी मात्र एक काम तुम्हीच करू शकता : तिच्या गुणपत्रिका, पदवी आणि मुंबईच्या फिजिओथेरपी परिषदेतली नोंदणी यांच्या मूळ प्रती एकत्र करा, त्यांवरचं नाव जसंच्या तसं कागदावर उतरवून तिला पाठवा. आणि तिथे पोचल्यावर घरात लहान मूल असेल तर संध्याकाळी त्याला बागेत न्या, म्हणजे तिला टेबलावर कागद मांडून बसायला दोन तास मिळतील.