वाचकांचे प्रश्न : ऊदवर नको ते आवाज येतायत, काय करू?

ऊद या अरबी तंतुवाद्याबद्दल या वेळी चार प्रश्न आलेत आणि चौघांची तक्रार एकच, की सुराबरोबर काहीतरी भलतंच वाजतं. पण चौघांचा आवाज वेगळा आहे, कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. म्हणून नवीन तारा मागवण्याआधी प्लीज आवाज कुठला ते ओळखा, परदेशातून तारा मागवायला पैसे पडतात आणि अर्ध्या वेळेला दोष तारांचा नसतोच.

प्रश्न : ताई नमस्कार, मी वाशीला राहतो. लहानपणापासून सरोद शिकलो. नोकरीसाठी मस्कतला होतो तिथे ऊदचं वेड लागलं आणि येताना अकरा तारांचा एक घेऊनच आलो. सूर बऱ्यापैकी लागतात पण जाड तारांवर मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर बोट सरकवलं, की चिर्र चिर्र असं होतं, फोनवर रेकॉर्ड केलं तर सुरापेक्षा तेच जास्त ऐकू येतं. सरोदला लावतो तसं बोटांना किंचित खोबरेल तेल लावून बघितलं, सुरुवातीला बरं वाटलं पण आता तारा मेल्यासारख्या वाजतात. तारा बदलू का, की माझ्या हातातच काही चुकतंय?

उत्तर : तेल आजपासून बंद. सरोदला ते चालतं कारण तिथे स्टीलची तार आणि खाली गुळगुळीत पत्रा, वाजवून झालं की पुसलं, संपला विषय. ऊदच्या जाड तारा आतून नायलॉनच्या बारीक धाग्यांच्या असतात आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते, तेल त्या वेढ्यांच्या फटीत शिरतं, बोटांचा मळ सोबत घेऊन आत धाग्यांपर्यंत जातं आणि परत बाहेर येत नाही. तुमच्या तारा मेल्यासारख्या वाजतायत त्या यामुळेच. त्या जाड तारा बदलाव्याच लागतील, पण नवीन लावल्यावर चिरचिर आधी थोडी वाढेल, घाबरू नका, वेढे नवे असताना जास्त खरखरीत असतात, वाजवून वाजवून बसतात.

आता चिरचिर नेमकी कशाची ते बघू. बोटाच्या टोकावरच्या रेषा त्या वेढ्यांवर आडव्या घासल्या जातात, एका सेकंदात जितके जास्त वेढे बोटाखालून जातील तितका आवाज चिरका. खात्री करायची असेल तर तेवढ्याच दाबाने बारीक जोड्यांवर (ऊदच्या तारा दोन-दोनच्या जोडीने असतात, सगळ्यात जाड तेवढी एकटी) बोट सरकवून बघा, म्हणजे सोल आणि वरचा दो, बहुतेक सेटमध्ये या दोन जोड्या साध्या नायलॉनच्या असतात (अरबी पद्धतीत जाडीकडून बारीककडे दो, फा, ला, रे, सोल, दो अशा पाश्चात्त्य नावांच्या सुरांना लावतात). तिथे आवाज जवळपास येणारच नाही.

पण मला विचाराल तर तुमच्याकडे मूळ गोष्ट मींडेचीच आहे. सरोदची स्टीलची तार एकदा छेडली की बराच वेळ बोलत राहते, त्यामुळे तुम्ही आघात करून थोडं थांबून निवांत पुढच्या सुरावर जाऊ शकता, सूर तुमच्याबरोबर येतो. ऊदचा सूर तसा टिकत नाही, पटकन बसतो. तुमचा हात मात्र सरोदच्याच वेळेने चालतोय, म्हणजे बोट निघेपर्यंत सूर विरलेला असतो आणि उरतं ते फक्त घासणं. हे एकदा मुद्दाम कान देऊन ऐका, रे च्या जोडीवर आघात करा, मनात एक मात्रा मोजा आणि मग सरका, चिर्र. आता आघात केल्या केल्या लगेच सरका आणि पोचलात की दाब सैल करा. दुसऱ्या वेळी घासणं असतंच, पण ते सुराच्या पोटात जातं, वेगळं ऐकू येत नाही.

त्यामुळे लांब मींड बारीक जोड्यांवर घ्या, ऊदवाले लोकही मोठी घसीट बहुतेक तिथेच घेतात, आणि जाड तारांवर हात नुसता जागा बदलत असेल तर दाब आधी सोडा, बोट तारेवरून सरळ वर उचला आणि मग हात हलवा. सरळ वर हे महत्त्वाचं, तिरकं उचललं की निघतानाही एक छोटी चिर्र होतेच. मधे मोकळी तार वाजणार असेल तर हात हलवायला तीच सगळ्यात चांगली जागा, ते बघूनच बोटं ठरवा.

अजून एक, तुमची डाव्या हाताची नखं. सरोदला तुम्ही नखाने तार दाबत असणार, ऊदला ती पूर्ण कापावी लागतात, नख जोडीतल्या एका तारेला जरी लागलं तरी झर्र होतं. दोन्ही वाद्यं चालू ठेवायची असतील तर हे खरंच अवघड आहे, निदान काही महिने एकच हातात ठेवा असं मी सुचवेन. घट्टे कडक झाले असतील तर नखांच्या बारीक कानशीने हलकेच घासून घ्या, कोरडा खरबरीत घट्टा जास्त चिरचिरतो. पॉलिश केलेल्या जाड तारा मिळतात, त्यावर घासणं कमी ऐकू येतं पण आवाजही थोडा दबका होतो, मला तो सौदा फारसा पटत नाही.

आणि फोन. तबलीला, म्हणजे ऊदच्या पुढच्या लाकडी फळीला, टेकवून ठेवलेला फोन बोटं जितकी ऐकतो तितकं समोर बसलेला माणूस कधीच ऐकत नाही, शिवाय फोन स्वतःच बारीक आवाज मोठा करतो, त्यामुळे दोन सुरांच्या मधली शांतता त्याला सहन होत नाही आणि तिथली प्रत्येक चिर्र तो उचलून दाखवतो. तीन-चार फूट लांब ठेवून रेकॉर्ड करा आणि मग ठरवा किती त्रास आहे ते. इराकचे ऊदवादक मुनीर बशीर (१९३० ते १९९७) यांचे तक्सीम हेडफोन लावून ऐका, तक्सीम म्हणजे आपल्या आलापासारखंच, त्यांच्या वादनात सुरांइतकीच मधली शांतता बोलते, ती ते किती जपतात ते ऐकण्यासारखं आहे. थोडं घासणं हे त्या लाकडाचं आणि तारेचं असतंच, ते सगळं घालवायच्या मागे लागू नका.

प्रश्न : घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या ऊदवर एकाच सुराला झर्र होतं, बाकी सगळं ठीक. एका वाद्य दुरुस्तीवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला घोडीची, म्हणजे तबलीवरच्या तारा धरणाऱ्या लाकडाची, जवारी काढून देतो. देऊ का?

उत्तर : नको, अजिबात देऊ नका. जवारी तानपुऱ्याला, सतारीला. तिथे तार रुंद घोडीच्या पाठीवरून जाते आणि तिथे घासून घासूनच तो झंकार काढतात. ऊदच्या तारा तबलीवर चिकटवलेल्या घोडीच्या भोकांतून ओवून तिथेच बांधलेल्या असतात, जवारी काढायला पाठच नसते. त्या माणसाने कानस लावली तर घोडी जाईल.

एकाच सुराला झर्र म्हणजे कुठलीतरी एक सैल वस्तू त्या सुराला थरथरतेय. आधी ऊदच्या बाहेर शोधा. खरंच सांगते, अशा तक्रारीत शोकेसची काच, स्टीलच्या डब्याचं झाकण, ट्यूबलाइटची पट्टी, कोपऱ्यात उभा केलेला तानपुरा असं काहीही निघतं. दुसऱ्या खोलीत जाऊन तोच सूर वाजवा, तिथे झर्र नसेल तर ऊद निर्दोष आहे.

तिथेही असेल तर मग ऊद तपासा. घोडीपाशी गाठीनंतर तारेचं टोक तबलीला टेकतंय का, टेकत असेल तर कापा. खुंट्यांच्या पेटीत एखादी तार शेजारच्या खुंटीला घासतेय का. मग कोणाला तरी तो सूर वाजवायला सांगा आणि तुम्ही मधल्या नक्षीच्या जाळीवर बोट हलकं दाबून धरा, झर्र थांबली तर जाळी सुटलीय. शेवटी तारा हाताने दाबून धरून तबलीवर बोटाच्या पेराने सगळीकडे हलकं हलकं वाजवत जा, एखाद्या जागी ठक् च्या ऐवजी खडखड आली तर आतली आडवी पट्टी सुटलीय. तुमच्याकडे पावसाळ्यात सुरू झालं म्हणून मला या पट्टीचाच संशय जास्त आहे. जुन्या पद्धतीने केलेल्या ऊदमध्ये जोड सरसने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) असतात आणि सरस दमट हवेत नरम पडतो, जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, वाद्याला बरी असते ती ४५ ते ५५ च्या आसपास.

पट्टी चिकटवायला मिरजेला वाद्य करणारी घराणी आहेत, हात फार चांगले, पण सांगताना स्पष्ट सांगा की सरसच वापरायचा, पांढरा गोंद नको. सरस गरम करून परत सोडवता येतो, पुढच्या दुरुस्तीला ते लागतं. तोवर ऊद पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ऑनलाइन स्वस्तात मिळतं तेही पेटीतच ठेवा. आणि दिवसभर एसीच्या झोताखाली ठेवू नका, तिथे उलटं होतं, लाकूड आकसतं, तबली खाली बसते, तारा बोटं ठेवायच्या पट्टीच्या जवळ येतात आणि मग सगळ्याच सुरांना झर्र सुरू होते.

प्रश्न : मी नेरुळची, दीड-दोन वर्षं ऊद शिकतेय. मी थांबले तरी वाद्य थांबत नाही, मागे एक घूं राहते. सर ऑनलाइन शिकवतात, त्यांना ती ऐकूच येत नाही.

उत्तर : व्हिडिओ कॉलवर ती कापलीच जाते, सरांचा दोष नाही. ही घूं म्हणजे तुमच्या जाड तारा न छेडता वाजतायत, सतारीच्या तरफेच्या तारा वाजतात तशाच, फक्त इथे त्या कोणी मुद्दाम लावलेल्या नाहीत. वरचा दो साधारण २६२ हर्ट्झला असतो. फा ची जाड तार ८७ ला, तिची तिप्पट २६२. सगळ्यात जाड दो ६५ ला, त्याची चौपट परत तिथेच. म्हणून तुम्ही बारीक दो वाजवला की त्या दोघी जाग्या होतात. वरचा दो छेडून लगेच बोटाने बंद करा, जे उरेल ती घूं, मग एकेका जाड तारेला हात लावत जा, कुठली बोलतेय ते लगेच सापडतं.

ही सगळी मारू नका, सावकाश तक्सीममध्ये तीच ऊदला भरीवपणा देते. बंद करायची ती तुकडा संपतो तिथे आणि द्रुत जागी. जाड तारा तुमच्या चेहऱ्याकडच्या बाजूला असतात, त्यामुळे थांबायच्या जागी उजव्या तळव्याची कड घोडीच्या जरा पुढे त्यांच्यावर अलगद ठेवली की झालं, आपटायची नाही, आपटली तर धप्प आवाज येतो. वाजवत असताना डावं बोट किंचित कललेलं ठेवा म्हणजे त्याचं टोक शेजारच्या जाड जोडीला नुसतं टेकून राहील. आणि खालच्या दिशेचा आघात करताना रिशा (तारा छेडायची लांब पट्टी) पुढच्या जोडीवर येऊन विसावू द्या, ती जोडी आपोआप गप्प होते. थांबणं सुरासारखंच तालात बसवा, तुकडा घोटताना शेवटच्या आघाताबरोबर हात कुठल्या मात्रेला ठेवायचा तेही घोटा. बरेच जण हे शिकतच नाहीत आणि मग चांगला वाजवलेला तुकडा शेवटी घाणेरडा वाटतो, मला त्याचं फार वाईट वाटतं.

एक शंका, घूं जर वॉंव वॉंव अशी हलत असेल तर ती वेगळी, जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. एक तार दाबून धरून दुसरी लावा, मग दोन्ही एकत्र वाजवून हलणं पूर्ण थांबेपर्यंत खुंटी फिरवा.

प्रश्न : ताई मी ऐरोलीचा, कॉलेजला आहे. माझ्या रिशाचा टक टक आवाज येतो. महागडी रिशा घेऊ का?

उत्तर : नको रे, आहे तीच नीट कर. पूर्वी रिशा गरुडाच्या पिसाची असायची, नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाला गेलेल्या झिर्याब या संगीतकाराने ती आणली असं परंपरेने सांगतात, आज चांगले चांगले वाजवणारे प्लॅस्टिकची वापरतात, काही जण तर केबल बांधायची पट्टी कापून घेतात. टक टक दोन प्रकारची असते. टोक तबलीवर आपटत असेल तर तू रिशा फार खोल घालतोयस, तारेत टोक जितकं कमी बुडेल तितकं बरं, आणि जोर कोपरातून न लावता मनगट सैल सोडून वाजव. तबलीवर न आपटताही टक येत असेल तर टोकाची कड धारदार आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरवर टोक दोन्ही बाजूंनी गोल घास, मग जुन्या जीन्सच्या कापडावर चमक येईपर्यंत घास, नखावरून फिरवून बघ, कुठे अडकलं नाही तर झालं. भुगा पुसून मगच तारेला लाव.