पहिल्या दोन दिवसांतला युगांडा

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त कंपालात असल्याने आम्ही उभयता नुकतेच युगांडात आलो आहोत. एंटेबी विमानतळावरून येताना नवा द्रुतगती मार्ग पाहून आनंद झाला. पण शहरात शिरताच लाल धुळीचे रस्ते, एका मोटारसायकलवर बसलेली तीन-तीन माणसे आणि नळापाशी पिवळ्या कॅनची रांग दिसली. नातेवाईक फोनवर ‘देश कसा आहे?’ असे विचारतात. एवढ्या पाहण्यावरून त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिले ते खरे आहे आणि ते सांगण्यात संकोच नसावा. मात्र परक्या देशात सुरुवातीला आपल्या डोळ्यांत भरते ते तिथे काय नाही हेच. त्याच्या जागी लोकांनी कोणती सोय लावली आहे, हे उमगायला थोडे थांबावे लागते.

त्या पिवळ्या कॅनचेच पाहा. वीस लिटरचा तो कॅन बहुधा आधी खाद्यतेलाचा असतो. घरात नळ नसलेली कुटुंबे सार्वजनिक नळावर कॅनमागे पैसे मोजून पाणी भरतात, झाकण हरवले असेल तर तोंडाला कच्च्या केळ्याचे बूच बसवतात आणि सायकलवर किंवा डोक्यावरून कॅन घरी नेतात. यातली चतुराई वाखाणण्याजोगी आहे, पण हे ओझे वाहणाऱ्यांत मुले आणि स्त्रियाच अधिक असतात, हेही नजरेआड करू नये.

रस्त्याकडेच्या पिवळ्या-लाल टपऱ्याही न्याहाळा. तिथे मोबाइलवरून पैशांची देवघेव चालते. २००९ पासून रुळलेल्या या सेवेमुळे, बँकेत खाते नसलेला मजूरसुद्धा गावी आईला पैसे पाठवतो आणि मुलांची शाळेची फीही भरतो. मोटारसायकल-टॅक्सीला तिथे ‘बोडाबोडा’ म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा गाड्या आपल्या बजाजच्या ‘बॉक्सर’ आहेत. हजारो तरुणांचे पोट तिच्यावर चालते, तरी कंपालातील मुलागो या सरकारी रुग्णालयात तिच्या अपघातांतील जखमी मोठ्या संख्येने येतात, तेव्हा हेल्मेट मिळाल्याशिवाय तुम्ही तिच्यावर बसू नका.

एका गोष्टीची मला अधिक काळजी वाटते. मुलीच्या ओळखीमुळे तुमचा वावर प्रामुख्याने तिथल्या भारतीय कुटुंबांत होईल आणि देशाविषयीची मते तुम्हाला तयारच मिळतील. युगांडाचा तेव्हाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीन याने १९७२ मध्ये आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या, लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले, त्या आठवणीची सावली काही घरांत अजूनही आहे आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु निम्म्याच्या आसपास लोकसंख्या १८ वर्षांखालची असलेल्या या देशात बहुसंख्य माणसे त्यानंतर जन्मलेली आहेत. म्हणून भाजीवाली, मुलीचे युगांडन सहकारी, शेजारचे शिक्षक यांच्याशीही अवश्य बोला. इंग्रजी तिथे राजभाषा असल्याने शहरात फारशी अडचण येणार नाही.

आणि नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. दक्षिण सुदान आणि काँगोतून जीव वाचवून आलेल्या दहा लाखांहून अधिक निर्वासितांना या देशाने आसरा दिला आहे. २००६ च्या कायद्याने त्यांना काम करण्याची आणि देशात फिरण्याची मुभा आहे, शिवाय वसाहतींमध्ये अनेकांना घर बांधायला व पीक घ्यायला जमिनीचा तुकडाही दिला जातो. पाण्याच्या रांगेसोबत हेही सांगितलेत, तर ‘देश कसा आहे?’ या प्रश्नाला तुमचे उत्तर प्रामाणिक होईल.