जुनी मोटरसायकल: चेन, क्लच आणि दिव्यांची दुखणी

पावसाळा सरत आला की जुन्या गाड्यांचे प्रश्न वाढतात. चार महिने चिखलपाणी खाल्लेली चेन बोलायला लागते, आणि दिवस लहान व्हायला लागला की दिव्यांची आठवण होते. प्रश्न पाठवताना एक गोष्ट आवर्जून लिहा: बिघाड नेमका केव्हा होतो. ‘लाइट जाते’ एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. ‘खड्ड्यात चाक आदळलं की जाते’ म्हटलंत की निम्मा शोध तिथेच लागतो.

माझी २००४ची स्प्लेंडर आहे. तीन महिन्यांपूर्वी चेन बदलली. नंतर दोनदा ताणूनही घेतली, तरी हळू चालवताना ‘कट्‌कट्’ आवाज येतो. चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागते. चेनच खराब मिळाली का? (कराड)

तुम्ही ‘चेन बदलली’ असं लिहिलंय, ‘चेन-स्प्रॉकेट’ (चेन ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं) असं नाही. माझा पहिला संशय तिथेच जातो. चेन झिजते म्हणजे तिच्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीचं अंतर थोडं थोडं वाढतं. स्प्रॉकेटचे दातही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजत जातात. अशा दातांवर नवी चेन घातली की ती बुडाशी नीट बसत नाही आणि वेळेआधीच खराब होते. पैसे वाचवायला नुसती चेन बदलणं शेवटी महागात पडतं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत.

तरी नुसत्या संशयावर खर्च करू नका. चेन कव्हर उतरवा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि न्यूट्रल करा. खालची चेन बोटाने वरखाली हलवून बघत चाक हाताने थोडं थोडं फिरवा. जिथे चेन सगळ्यात घट्ट लागेल तिथे कडीवर खडूने खूण करा आणि त्या वेळी ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून ठेवा. व्हॉल्व्ह दर फेरीला त्याच जागी आला की चेन घट्ट होत असेल, तर मागचं स्प्रॉकेट गोल फिरत नाहीये किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. एका फेरीत साधारण तीनदा घट्ट होत असेल तर पुढचं स्प्रॉकेट. घट्टपणा खडूच्या खुणेबरोबर सरकत असेल तर दोष चेनचा. चेनच्या कड्या शंभरच्या आसपास आणि मागचे दात चाळिशीच्या आसपास असल्यामुळे चेनची एक फेरी व्हायला चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या लागतात. म्हणून हे दोन दोष एकमेकांत मिसळत नाहीत.

आता पट्टी घ्या. स्प्लेंडरची चेन ४२८ मापाची, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिमी. चेन ताणून धरून २० कड्या मोजा. नवी असेल तर २५४ मिमी भरतील. २५९च्या पुढे गेली तर चेन टाकून द्या. आरएक्स १०० आणि पल्सर १५० यांनाही हेच माप लागू पडतं. जुन्या बुलेटची चेन मोठी असते, नवी असतानाच तिच्या २० कड्या ३१७ मिमीच्या वर भरतात, म्हणून तिला हे माप लावू नका.

ताणायचीही एक रीत आहे. चेन नेहमी सगळ्यात घट्ट जागी तपासून ताणायची. तिथे वरखाली २० ते ३० मिमी खेळ हवा. तुमची बहुधा सैल जागा बघून ताणली गेली, त्यामुळे घट्ट जागी तिला श्वास घ्यायला जागाच राहिली नाही. दोन माणसं बसली की ती आणखी आवळते आणि सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. थोडी सैल चेन आवाज करते. फार घट्ट चेन इंजिन उघडायला लावते. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघा. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं.

साफ करताना रॉकेल आणि ब्रश वापरा, पुसून कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडा. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल घालू नका, त्यात धातूची कीस असते. आणि हात जोडून सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडक्याने चेन पुसू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोटं जातात. चाक हातानेच फिरवा.

सीडी १००चा हेडलाइट सिग्नलला उभं राहिलं की मंद होतो. बॅटरी नवी टाकली तरी तसंच. (वाई)

बॅटरीचा यात संबंध नाही. तुमच्या गाडीत हेडलाइटला वीज बॅटरीतून मिळत नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलवरून मिळते. इंजिन हळू फिरलं की प्रकाश कमी होणारच. आयडलिंग फार खाली ठेवलं असेल तर योग्य ठिकाणी आणून घ्या. रेस वाढवल्यावरही प्रकाश पिवळाच राहत असेल तर मात्र होल्डर, डिपर स्विच आणि हेडलाइटच्या अर्थची (वीज चॅसीमार्गे परत जाते त्या वायरची) जोडणी साफ करा, आणि रिफ्लेक्टरची चकाकी गेलीय का ते बघा. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा बल्ब ठीक असतो, रिफ्लेक्टरच आंधळा झालेला असतो.

हेडलाइटचा बल्ब सारखा उडतो, आणि त्याच्याबरोबर मागचाही. गाडी हिरो होंडा, २००१. तीन कंपन्यांचे बल्ब वापरून झाले. (चिपळूण)

बल्बची कंपनी बदलून उपयोग नाही. उडालेला बल्ब आधी उजेडात धरून बघा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर जास्त व्होल्टेजने जळालाय. काच स्वच्छ आणि आतली तार नुसती तुटलेली असेल तर तो हादऱ्याने गेलाय. मग हेडलाइटचे रबर आणि स्क्रू बघावे लागतील. पुढचा-मागचा एकदम जात असल्यामुळे तुमचा पहिला प्रकार असावा.

वेगाबरोबर वाढणारं व्होल्टेज आवरायचं काम आर-आर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट करतं. ते आवरलं नाही की एक बल्ब उडतो, त्याचा भार सुटतो, आणि वाढलेलं व्होल्टेज दुसऱ्यावर येतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून हेडलाइटच्या होल्डरवर लावा आणि दिवा चालू ठेवून रेस वाढवत न्या. आकडा तेरा-चौदाच्या आसपास थांबला पाहिजे. साध्या मीटरवर तो थोडा कमी-जास्त दिसतो, त्याची काळजी नको. बघायचं ते एवढंच, की आकडा थांबतो की चढतच जातो. मग मीटर डीसीवर करून बॅटरीवर लावा. तिथे रेसला १४ ते १५ ठीक, साडेपंधराच्या वर गेला तर गडबड आहे.

आकडा चढत असला तरी लगेच युनिट विकत घेऊ नका. तुम्ही कोकणात राहता. युनिटचा अर्थ चॅसीवर जिथे घट्ट केलाय तिथला गंज खरवडून चकचकीत धातू काढा, हिरव्या वायरचं कपलर साफ करा आणि पुन्हा मोजा. अर्थ तुटला की चांगलं युनिटही काम करू शकत नाही. हे करून फरक पडला नाही तरच नवं घ्या. शिवाय डिपर स्विच झिजलेला असेल तर अपर-डिपर करताना क्षणभर दोन्ही बाजू सुटतात आणि तेवढ्यात मागचा बल्ब जातो. तुमचा बल्ब डिपर मारतानाच उडतो का, हे आठवून बघा.

पल्सर १५०, २००६ची. ऑइल बदलल्यापासून घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही. क्लच प्लेट बदलायच्या का? (जुन्नर)

‘ऑइल बदलल्यापासून’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती कारला ठीक, इथे मात्र प्लेटा घसरतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का ते बघा. ‘एमबी’ असेल तर ते स्कूटरचं. चुकीचं निघालं तर काढून टाका, योग्य ऑइल भरा आणि थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला. प्लेटा जळालेल्या नसतील तर बऱ्याचदा पकड परत येते.

त्याआधी, फुकटात होणारं एक काम करा. क्लच लिव्हरच्या टोकाला थोडा मोकळा खेळ हवा, बहुतेक गाड्यांत १० ते २० मिमी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तो तसाच राहतो का बघा. केबल कुठे अडकून ताणली जात असेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो. ऑइल ठीक, खेळ ठीक, आणि टॉप गिअरमध्ये अचानक रेस दिल्यावर वेग न वाढता नुसतं इंजिनच ओरडतंय, तर मग क्लच उघडा. उघडल्यावर प्लेटांबरोबर स्प्रिंगाही मोजायला सांगा. थकलेल्या स्प्रिंगा तशाच ठेवून नव्या प्लेटा घातल्या तर तेच दुखणं लवकर परत येतं.

इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकले. आता डावा दिला तरी चारही लुकलुकतात, तेही भराभर. (नाशिक)

भराभर लुकलुकतात कारण जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बल्बच्या भारावर चालतो. एलईडी फार कमी वीज घेतात, त्यामुळे एखादा बल्ब उडाल्यासारखं त्याला वाटतं. एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

चारही पेटण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या मीटरमध्ये दोन्ही इंडिकेटरसाठी मिळून एकच खुणेचा दिवा असणार. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डावा दिला की वीज त्या छोट्या दिव्यातून उजव्या बल्बांमार्गे अर्थला जाते. साध्या बल्बना पेटायला ती पुरत नाही, एलईडीला पुरते. त्या दिव्याची जोडणी बदलून दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घालायचे: डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला जमेल.

इंडिकेटरपुरतं एलईडी ठीक आहे. हेडलाइटच्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये मात्र पांढरा एलईडी बसवू नका. तो रिफ्लेक्टर एका ठरावीक जागच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड विखुरतो, रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. रात्री समोरून सायकलवर किंवा पायी येणारा माणूस त्या झगमगाटात दिसेनासा होतो.

वडिलांची १९९१ची बुलेट आहे. रात्री खराब रस्त्यावर सगळे दिवे क्षणभर जातात आणि आपोआप येतात. (लातूर)

ताई, या गाडीवर तपासणीचं यंत्र आधीच बसवलेलं आहे, ते म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर. दिवे जातील त्या क्षणी त्याचा काटा काय करतो ते बघा. पण चालवताना नाही. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावा, दिवे चालू करा आणि कुणाला तरी हँडल हलवायला, वायरिंग दाबून बघायला सांगा.

काटा एकदम उणे बाजूला आपटला तर वायर कुठेतरी सोलून लोखंडाला टेकतेय. सगळ्यात आधी हेडलाइटच्या मागे, हँडल वळतं तिथे शोधा. काटा शून्यावर येऊन बसला तर वाट तुटतेय: बॅटरीचं टर्मिनल, फ्यूजचा होल्डर, अ‍ॅमीटरचे नट किंवा इग्निशन स्विच. इंजिनही त्याच वेळी ठसकलं तर दोष बहुधा या सामायिक वाटेवर आहे. इंजिन ठीक चालत राहिलं तर दिव्यांचा स्विच उघडा.

अ‍ॅमीटरच्या नटाला पाना लावण्याआधी बॅटरीची वायर काढाच. ते नट सतत जिवंत असतात आणि भोवती सगळं लोखंड आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे तार गुंडाळलेली असेल तर ती आजच काढा. एवढ्या जुन्या वायरिंगमध्ये आग लागायला तेवढं पुरतं.

चेन-स्प्रॉकेट नवं आहे, तरी रेस सोडली-धरली की मागून ‘धप्’ असा झटका बसतो. (बार्शी)

मागच्या चाकाच्या हबमधले रबर बघा. गाडी गिअरमध्ये ठेवून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवा. स्प्रॉकेट थांबलेलं आणि चाक मात्र बरंच मोकळं हलतंय असं दिसलं तर रबर दबलेत. नवा संच स्वस्त असतो, चाक काढलं की बदलता येतो. चाक निघालंच आहे तर स्प्रॉकेटच्या बाजूचं बेअरिंगही बोट घालून फिरवून बघा, खरखरलं तर तेही बदला. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट आणि तिचे दोन बोल्टही घट्ट आहेत ना ते पाहा. ते सैल असले तरी असाच झटका बसतो, आणि तिकडे दुर्लक्ष झालं तर शाफ्टच्या खाचा जातात.

स्प्लेंडरचा हॉर्न स्वतः जोडला. काळी वायर अर्थ समजून चॅसीला लावली आणि फ्यूज गेला. (पणजी)

हिरो होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थ असते. काळीत चावी फिरवली की पॉझिटिव्ह येतं. काळी मोकळी करून टेप लावा, त्याच क्षमतेचा फ्यूज घाला आणि चावी चालू करून टेस्ट लॅम्पने ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि न्यूट्रलचा दिवा तपासा. ते सगळे पेटले तर वायरिंगला काही झालेलं नाही. मग हॉर्नच्या एका टोकाला काळी द्या आणि दुसऱ्याला हॉर्नच्या बटणाकडून येणारी वायर.