‘नेटिव्हिझम’ म्हणजे ‘देशीवाद’ नव्हे

अमेरिकेतील नागरी हक्क संघटना ज्या ‘नेटिव्हिस्ट’, म्हणजे स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या, चळवळींशी न्यायालयात लढतात, त्यांना मराठीत ‘देशीवादी’ म्हणावे की ‘मूळनिवासीवादी’, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत. देशीवाद ही भालचंद्र नेमाडे यांनी मराठीत रुजवलेली साहित्यविषयक भूमिका आहे. परक्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्यांना ते नाव देणे म्हणजे एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

‘मूळनिवासीवाद’ तर त्याहून घातक आहे, आणि कोश चाळून तो निर्धास्तपणे सुचवणाऱ्या मंडळींनी इतिहास का पाहू नये, हे मला उमगत नाही. १८४० च्या दशकात ज्यांनी ‘नेटिव्ह अमेरिकन पार्टी’ काढली ते अमेरिकेचे आदिवासी नव्हते; ते प्रामुख्याने ब्रिटिश वंशाचे प्रॉटेस्टंट, म्हणजे स्थलांतरितांचेच वंशज होते. नवागतांनी नागरिकत्वासाठी ५ ऐवजी २१ वर्षे थांबावे, ही या प्रवाहाची मागणी. पुढे ‘नो-नथिंग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या याच प्रवाहाच्या जमावाने ६ ऑगस्ट १८५५ रोजी, मतदानाच्या दिवशी, लुईव्हिल शहरातील आयरिश आणि जर्मन वस्त्यांवर हल्ले केले, त्यात किमान २२ माणसे मारली गेली.

आता व्युत्पत्ती, कारण सगळे मर्म तिथेच आहे. ‘नेटिव्ह’च्या मुळाशी लॅटिन ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला. त्याचे जुने रूप ‘ग्नातुस’, आणि हा ग्नातुस संस्कृत ‘जात’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. तिकडे ‘नेशन’ आणि ‘नेचर’, इकडे ‘जन’, ‘जन्म’ आणि ‘जाती’, असे हे एकच गोत. इतकेच नव्हे, तर इंग्रज ज्योतिषी ज्याची कुंडली मांडतो त्याला ‘नेटिव्ह’ म्हणतो आणि आपला ज्योतिषी त्यालाच ‘जातक’ म्हणतो! दोन भाषांनी एकाच धातूपासून नेमका हाच अर्थ काढावा, याहून सुंदर पुरावा कोणता हवा? म्हणूनच प्रतिशब्दात देश, मूळ किंवा भूमी नको, जन्मच हवा. ‘भूमिपुत्र’ सुचवणारे तर जो दावा तपासायचा तोच आधी मान्य करून बसतात.

माझा शब्द ‘जन्मवर्चस्ववाद’. ‘वर्चस्व’ अशासाठी, की या विचाराला केवळ आपलाच जन्म मोजायचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला नागरिक मानण्यास नकार देऊन महिनोन्महिने बोटींवर अडकवून ठेवले. चिनी समाजाची ‘सिक्स कंपनीज’ ही संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे, सहा विरुद्ध दोन मतांनी, तो जन्माने नागरिक असल्याचा निर्णय दिला.

बातमीच्या मथळ्यात शब्द लांब वाटला, तर ‘स्थलांतरितविरोधी’ खुशाल वापरावा. मात्र मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरितांना अडवणाऱ्या ‘रँच रेस्क्यू’सारख्या सशस्त्र टोळीला ‘सीमारक्षक’ कदापि लिहू नये: सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर आणि माल्डेफ या नागरी हक्क संघटनांनी चालवलेल्या खटल्यानंतर तिच्या ॲरिझोनातील तळाची ७० एकर जमीन २००५ मध्ये एल साल्वादोरच्या दोन स्थलांतरितांकडे गेली.